तेलाचं मोहन

"लोणी?" दादा फोनवर म्हणाला. "तुला कुठे चालतं लोणी?"

फोन तिने मान वाकडी करून खांद्यात धरला होता आणि दोन्ही हातांनी ती थंड लोण्याचे चौकोनी तुकडे पाडत होती. वर्षाचा शेवटचा दिवस होता. दुपारी दीडला दादाकडे जेवायला जायचं, दरवर्षीसारखं. दरवर्षी फळांचा टार्ट वहिनी करायच्या. यंदा वहिनी नव्हत्या, म्हणून टार्ट मी आणते, असं तिने आपणहून सांगितलं होतं. "एका दिवसाने काही मरत नाही मी," ती म्हणाली. "बोटभर तुकडा घेईन आपली. पण एकदा आईसारखा होऊ दे ना रे. बारा वर्षं झाली, त्या घराने आईच्या पद्धतीचा टार्ट खाल्लेला नाही."

"अगं, पण तेल तर ती तुझ्यासाठीच घालायची."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी वहिनी. तुझं ते हृदयाचं झालं ना, त्या वर्षीपासून." पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "मला वाटलं, एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल."

"तू वहिनींना सांगितलं होतंस?"

"तिला न सांगता मी काही ठेवलंय का कधी?"

"दादा, मी तुला माझ्या गळ्याची शपथ घातली होती."

"म्हणून तर मी तिला घातली," दादा म्हणाला. पाण्याचे मीटर तपासण्यात नोकरी काढलेला माणूस. जे दिसलं ते वाचायचं आणि सांगायचं, एवढंच त्याला येत होतं. "तिने पाळली बघ. पोरीलासुद्धा बोलली नाही. बरं, पेअर आहेत ना तुझ्याकडे, की मी घेऊन ठेवू?"

पेअर आहेत, असं ती म्हणाली. मग तो आणखी काहीतरी म्हणाला, थंडीबद्दल, आणि त्याने फोन ठेवला. ती तशीच उभी राहिली, मान वाकडी, जणू फोन अजून खांद्यातच आहे. चिमटीतल्या लोण्याच्या तुकड्याची धार विरघळून गोल झाली होती. पस्तीस वर्षं दातांच्या कवळ्या करणाऱ्या तिच्या बोटांना मेण कधी मऊ होतं ते न बघता कळायचं. त्याच बोटांनी तिने आता तो तुकडा परत कागदावर ठेवला, मग एकेक करून सगळे, आणि कागदाची घडी घातली. शाळेत असताना फळ्यावर एक गणित अख्खं सोडवून झाल्यावर गुरुजी शांतपणे म्हणाले होते, "पहिल्याच ओळीत चूक आहे," आणि खाली बसलेल्या मुली हसायच्या आधीचा जो एक क्षण होता, त्याच क्षणात ती पुन्हा उभी होती.

बारा वर्षांपूर्वी लॅबमध्ये, एका म्हाताऱ्या माणसाच्या खालच्या जबड्याच्या ठशात प्लॅस्टर ओतताना, तिचा डावा हात आपला नसल्यासारखा झाला होता. तिने आधी प्लॅस्टर नीट थापून घेतलं, कारण प्लॅस्टर थांबत नाही, मग एप्रन काढून घडी केली आणि एकटीच दवाखान्यात गेली. तिथे सही करायला नात्याचं माणूस लागत होतं, म्हणून तेवढ्यापुरतं दादाला बोलावलं. रक्तवाहिनीत एक बारीकशी जाळी बसवली गेली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समोर बसून कागदावर लिहून दिलं: लोणी बंद, मलई बंद, अंड्यातलं पिवळं बंद, तेल शक्यतो ऑलिव्हचं. त्याच दुपारी तिने दादाला पलंगाजवळ ओढून गळ्याची शपथ घातली. आईला सांगितलं की आठवडाभर बाहेरगावी कामाचं शिक्षण होतं. चेहरा का उतरलाय, असं आईने विचारल्यावर, तिथलं जेवण वाईट होतं, असं सांगून ती मोकळी झाली होती. कुणाला कळू का द्यायचं नाही, हे तिने स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं. पण वडील आजारी पडले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दोन वर्षांत वडील नावाचा माणूस कसा पुसला जातो आणि त्या जागी पेशंट नावाचा एक कुणी येऊन बसतो, हे तिने पाहिलं होतं. येणारे-जाणारे त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. त्यांनी विनोद केला तर लोक जरा जास्तच हसायचे. त्यांच्या ताटात काय वाढायचं याची चर्चा त्यांच्या डोक्यावरून व्हायची, आणि ते दोन्ही हात मांडीवर ठेवून ताटाकडे बघत राहायचे. तिला कुणी तसं बघायला नको होतं. त्यातून ती एकटी राहणारी, लग्न न केलेली. 'बिचारी' हा शब्द तिच्या अवतीभोवती घिरट्या घालतच असे, फक्त बसायला फांदी शोधत असे. ती फांदी तिने कुणाला दिली नाही. आणि सगळ्यात जास्त वहिनींना नाही.

वहिनींशी तिचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी. वहिनी घरात आल्या तेव्हा ती तिशीची होती. पहिल्याच वर्षअखेरीला आईने टार्टचं गोल पत्र्याचं भांडं कपाटातून काढून वहिनींच्या हातात दिलं होतं. ते भांडं आपल्याला मिळेल असं तिला वाटत होतं, असंही नाही. तिला स्वयंपाकाची हौस नव्हतीच. पण आई तेव्हा हसून म्हणाली, "हिचे हात प्लॅस्टरचे. हिच्या हातची पारी खायची तर कवळी काढून ठेवावी लागेल." सगळे हसले होते. तीही. वहिनी मात्र हसल्या नव्हत्या, त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं होतं, आणि ते पाहणं तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं होतं. तेव्हापासून ती वहिनींच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढू लागली, उघड नाही, हसत हसत, म्हणजे समोरच्याला हसण्यावाचून गत्यंतर राहू नये अशी.

आता स्टीलच्या परातीत मैदा होता, मीठ आणि साखर घातलेला, लोण्याची वाट बघत असलेला. शेगडीच्या शेजारी ऑलिव्हच्या तेलाची बाटली उभी होती. तीच बाटली, म्हणजे तशीच. बारा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ती त्या तेलात भाजी करत होती. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं तेल आणि वहिनींच्या टार्टमधलं तेल ही एकच वस्तू आहे हे तिच्या ध्यानात का आलं नाही, याचा विचार करायला ती स्टुलावर बसली. बसल्यावर तिला कळलं की ध्यानात आलं होतं. पहिल्याच वर्षी आलं होतं. दवाखान्यातून येऊन सात महिने झाले होते. दादाकडे जाताना बसमध्ये तिने ठरवलं होतं की टार्टचा तुकडा नाकारायचा नाही, नाकारला तर प्रश्न येतील. बारीकसा घ्यायचा, अर्धा पानात ठेवायचा. मग वहिनींनी टार्ट आणला. पहिल्या घासाला पारी वेगळी लागली, लोण्यासारखी पापुद्र्यांची नाही, रवाळ, मोडणारी, आणि गिळल्यावर घशाशी किंचित हिरवट, तिखटसर. हे तेल आहे, असं तिच्या जिभेने तिला सांगितलं. सुटले, असं तिला वाटलं होतं. अगदी हाच शब्द. आणि सुटले वाटल्याच्या पुढच्याच क्षणी, तोंडात तो घास असताना, ती म्हणाली होती, "वहिनी, हे काय, इंजिनातलं तेल टार्टमध्ये सांडलं वाटतं?"

टेबलाभोवती हशा पिकला होता. त्या वर्षी तिने दोन तुकडे खाल्ले होते. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच असणार. पण तेव्हा तिला तसं वाटलं नव्हतं, तेव्हा आपण फार दिवसांनी हसतंखेळतं झाल्यासारखं वाटलं होतं. मग ती दरवर्षीची रीतच होऊन बसली. टार्ट आला की सगळे तिच्याकडे बघायचे. यंदा किती किलोमीटर चालेल हा, वहिनी? सर्व्हिसिंग कधी आहे? पुढे भाचीचं लग्न झालं, आणि जावईही तयारीचा निघाला. तो चावी फिरवल्यासारखं करून तोंडाने गाडी सुरू झाल्याचा आवाज काढायचा. वहिनी हसायच्या, पदराला हात पुसायच्या आणि चहाचं बघते म्हणून आत जायच्या.

आई मात्र हसली नव्हती. आईने बशी पुढे सरकवून दिली होती. "तीस वर्षं मी लोण्यात केला," आई म्हणाली होती, "आणि हिने मासिकात कुठे काय वाचलं, लागली तेल ओतायला. माझ्या हाताची चव घालवलीस गं." वहिनी उभ्या होत्या, हातात सुरी. "बदल म्हणून केलं, आई," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी आईने विचारलं, यंदा तरी लोणी घातलंस का, आणि वहिनी म्हणाल्या, नाही. पुढे आईने टार्ट तोंडात घालणंच सोडलं. पाच वर्षांनी आई गेली. शेवटच्या महिन्यात ती आईजवळ बसायला जायची तेव्हा आई पडल्या पडल्या म्हणायची, "सून चांगली आहे, काही कमी करत नाही माझं, पण हट्टी आहे. माझा एक शब्द ठेवला नाही तिने." आणि ती आईच्या पायाला तेल चोळत म्हणायची, "जाऊ दे ना आई, स्वभाव असतो एकेकाचा."

ती स्टुलावरून उठली. मैद्यात किती तेल घालायचं हे तिला माहीत नव्हतं. बारा वर्षांत तिने विचारलंच नव्हतं. विचारायचं ते माणूस आता नव्हतं. तिने भाचीला फोन लावला.

"तुझी आई टार्टला तेलाचं मोहन किती घालायची गं?"

"तेलाचं?" भाची म्हणाली. "बाबा तर म्हणाले, तू लोण्याचा करतेयस."

"तेलाचाच करते."

भाची जरा थांबली. आई गेल्यापासून आईबद्दल कुणी काही विचारलं की ती अशीच थांबायची, जिना उतरताना पायरी चुकल्यासारखी. "माप नव्हतं आत्या तिचं. मैद्यात तेल घालून मूठ दाबायची, मूठ वळली की पुरे. मग गार पाणी, चमच्याने. आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. ती म्हणायची, या पिठाला जास्त हात लावला की ते रुसतं." मग तिला हसू आलं की काय कोण जाणे, नाकातून वारा गेल्यासारखा आवाज झाला. "लाटायला जाऊ नकोस, तुटेल. भांड्यातच बोटांनी दाबत न्यायचं. आणि मलई नाही हां वर. सफरचंदाचा गर आटवून लावायचा, त्याच्यावर फळं."

"मलई नाही," ती म्हणाली.

"कधीच नाही. म्हणजे मी लहान असताना असायची, आजीच्या वेळची. मग आईने बंद केली. काय गं?"

"काही नाही."

मलई. मलईचं तर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. अंड्यातलं पिवळं, दूध, साखर घालून आई जी दाट पिवळी मलई करायची, तीही त्याच वर्षी गेली होती, आणि तिने त्यावरही काहीतरी म्हटलं होतं, बाळाचं जेवण का, असं काहीसं. आता सफरचंदं सोलून, किसून, मंद आचेवर ठेवून ती ढवळत राहिली तेव्हा एकेक गोष्ट तिच्या हातातून पुढे यायला लागली. गर आटायला पाऊण तास लागला. मलई दहा मिनिटांत होते. पारी नुसती आधी भाजायची, वर कागद आणि कागदावर सुके दाणे पसरून, म्हणजे ती फुगत नाही. लोण्याची पारी स्वतःला सावरते, तेलाच्या पारीवर नजर ठेवावी लागते, बाजूने आधी करपते. पहिल्यांदा तिची करपलीच. तिने ती काढून टाकली आणि पुन्हा मैदा घेतला. मूठ दाबली, वळली. भांड्याच्या कडेला अंगठ्याने पीठ चेपत नेताना तिला वहिनींच्या टार्टची कड दिसली, जवळ जवळ उमटलेले अंगठ्याचे ठसे, सगळे एका बाजूला किंचित कललेले. तिचं सबंध आयुष्य ठसे वाचण्यात गेलं होतं. नुसत्या प्लॅस्टरवरून ती सांगायची की हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूने चावते, हा कसलं तरी दुखणं लपवतोय. बारा वर्षं वहिनींच्या अंगठ्याचे ठसे तिच्या बशीत वाढले गेले आणि ते तिने चावून खाल्ले.

पेअरच्या फोडी करताना तिला दवाखाना आठवला. स्वतःचा नव्हे, वहिनींचा. वसंतात, झाडांना नुकती पालवी आलेली असताना, वहिनी सहा दिवसांत गेल्या. फुफ्फुसात पाणी झालं होतं. चौथ्या दिवशी दुपारी दादा जेवायला गेला होता आणि पलंगाशी ती एकटी होती. वहिनींशी हसत हसत टोचून बोलण्याखेरीज दुसरं काही बोलायची तिला सवयच नव्हती, आणि तिथे तर तसं बोलता येत नव्हतं. तिने उशी सारखी केली. पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे ठेवला. वहिनींनी नाकावरची नळी जरा बाजूला केली आणि विचारलं, "वन्सं, जेवलात?" जेवले, ती म्हणाली. "आणि गोळी? दुपारची गोळी घेतलीत ना?" ती म्हणाली होती, "मला कसली गोळी वहिनी, गोळ्या तुम्हाला." आणि बाहेर येऊन तिने दादाला सांगितलं होतं की तापात त्यांना भलतंसलतं आठवतंय. दादाने फक्त मान हलवली होती, आणि नवऱ्याच्या दुःखाला काय बोलायचं म्हणून तीही गप्प बसली होती. दुपारची गोळी तिच्या पर्समध्ये होती. तिने ती खरंच घेतलेली नव्हती. वहिनींनी विचारल्यावर, पाणी आणायला जाते असं सांगून, बाहेरच्या नळाशी तिने ती घेतली होती.

सुरी हातात धरून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. काच वाफेने आंधळी झाली होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. गर खाली लागत होता, तो ढवळायला हवा होता. मग द्राक्षं अर्धी अर्धी करायची होती, अंजिरं चिरायची होती, संत्र्याच्या फोडींची साल काढायची होती. हे सगळं तिने केलं. पारीवर गर पसरला, त्यावर बाहेरून आत पेअरची फुलासारखी मांडणी केली, मधे अंजिरं आणि संत्र्याच्या फोडी, कडेला द्राक्षं. जर्दाळूचा जाम कोमट पाण्यात पातळ करून ब्रशने वरून फिरवला तेव्हा फळं एकदम चकाकली. टार्ट सुंदर दिसत होता. वहिनींच्या टार्टपेक्षा सुबक, सारख्या अंतराचा, तिच्या कवळ्यांसारखा. ती तो डब्यात घालून निघाली, आणि बसमध्ये पूर्ण वेळ डबा मांडीवर धरून ठरवत राहिली की काहीच बोलायचं नाही. बोलून काय होणार होतं? ऐकायला वहिनी नव्हत्या, माफ करायला आई नव्हती. राहता राहिली ती. आणि स्वतःचं मन हलकं करण्यासाठी चार माणसांचं जेवण नासवणं, हाही एक स्वार्थच.

टेबलाशी पाचजण होते: दादा, भाची, जावई, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि ती. वहिनींची खुर्ची कुणी काढली नव्हती, तिच्यावर मुलीचं दप्तर ठेवलं होतं. जेवण बरं झालं. दादा ऐकू न आल्यासारखा जेवत होता. भाचीने आईसारखे केस वर बांधले होते. मग डबा उघडला, सगळ्यांनी वा वा केलं, भाचीने सुरी घेतली, पारी कुरकुरत कापली गेली. पहिला घास घेताच जावयाचे डोळे चमकले. बिचाऱ्याला वातावरण हलकं करायचं होतं, दुसरं काही नाही.

"अरे! हा तर तेलाचा!" त्याने हवेत चावी फिरवली, तोंडाने घरघर केली. छोटी खिदळली. "आत्या, तुम्हीसुद्धा? आता आम्ही चेष्टा कुणाची करायची? सांगा, किती किलोमीटर?"

सगळे तिच्याकडे बघत होते, हसायच्या तयारीत. बारा वर्षांत तिनेच शिकवलेलं हसू. तिने चमचा खाली ठेवला.

"मला बारा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, लॅबमध्ये फोनवर माप सांगताना असतो तसा. "लोणी, मलई, सगळं बंद आहे मला. मी कुणाला सांगितलं नव्हतं. दादाला शपथ घातली होती. वहिनींना माहीत होतं. त्यांनी तेल माझ्यासाठी सुरू केलं. मला आज सकाळी कळलं."

छोटीने विचारलं, "झटका म्हणजे विजेचा?" जावयाचा हात अजून वरच होता, तो त्याने हळूच खाली घेतला.

भाची तिच्याकडे बघत नव्हती, दादाकडे बघत होती. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"शपथ होती, बाळा," दादा म्हणाला.

"आजी आईला इतकं बोलायची. तुमच्यासमोर बोलायची. आणि तुम्ही..." तिचं वाक्य तुटलं. मग ती आत्याकडे वळली. "आई चहा करायला जायची ना तुमच्या जोकनंतर? चहा नसायचा. चहा मी करायचे. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, काही नाही गं, कांद्याने डोळे झोंबले. टार्टमध्ये कुठून येतो कांदा? मला वाटायचं, माझी आई किती हळवी आहे, साधी चेष्टा कळत नाही तिला. मी चिडायचे तिच्यावर. तुमच्यासाठी, आत्या. मी तुमच्या बाजूने तिच्यावर चिडायचे."

जन्मल्यापासून भाची तिला 'तू' म्हणत आली होती. या 'तुम्ही'मध्ये राग असता तर तिला सोसला असता. त्यात नुसतं अंतर होतं, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याशी बोलावं तसं. भाची उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. जावई अर्धवट उठला, पुन्हा बसला. मग तीच उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर तिला जाणवलं की बारा वर्षांत वर्षअखेरीच्या दिवशी टार्टनंतर तिने हा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आत भाची पाठमोरी बशा धूत होती. ती शेजारी जाऊन उभी राहिली आणि खुंटीवरचं फडकं घेऊन धुतलेल्या बशा पुसू लागली. एक, दोन. तिसऱ्या बशीला भाची म्हणाली, "राहू दे."

"पुसते ना मी."

"मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये, आत्या."

"नको बोलूस," ती म्हणाली. आणि सगळ्या बशा पुसून झाल्यावर फडकं पिळून परत खुंटीला अडकवून ती बाहेर आली. टेबलावर तिच्या बशीतला तुकडा तसाच होता. उभ्यानेच तिने तो सगळा खाल्ला. पारी जरा कडक झाली होती. घशाशी तेल किंचित तिखट लागलं.

चारच्या सुमाराला दादा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. भाची दारापर्यंत आली नाही. छोटी आली, आणि विजेचा की कसला ते पुन्हा विचारून गेली. ऊन पातळ होतं, रस्त्यावर दुकानं लवकर बंद होत होती, कुणीतरी लांबवर पुढच्या वर्षाच्या शुभेच्छा ओरडून देत होतं. थांब्याच्या बाकावर दोघं बसली. मग तिने विचारलं, "माझ्याबद्दल त्या कधी काही म्हणाल्या का रे?"

दादाने आठवून पाहिलं. तो खोटं बोलणार नाही हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती. "एकदा," तो म्हणाला. "आई गेली त्या वर्षी. मीच म्हटलं, आता सांगून टाकू या तिला, किती वर्षं बोलणी खाशील. तर नको म्हणाली."

"का?"

"म्हणाली, सांगितलं तर वन्सं यायच्या बंद होतील."

तिने समोरच्या बंद होणाऱ्या शटरकडे पाहिलं. ते खरं होतं. ऐकताक्षणीच तिला कळलं की ते खरं आहे. आपल्यासाठी वेगळं शिजतं हे कळलं असतं तर त्या वर्षी तिने सर्दीचं कारण सांगितलं असतं, पुढच्या वर्षी कामाचं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कारण सांगायची गरजच उरली नसती. आपल्या दोन खोल्यांत वाटीभर सूप घेऊन ती बसली असती, आणि आपलं कुणाला काही पडलेलं नाही असं स्वतःला पटवत, ताठ मानेने, म्हातारी झाली असती. हे सगळं तिने स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी पाहिलं होतं. एका पारड्यात ते ठेवून दुसऱ्या पारड्यात त्यांनी स्वतःचा मान ठेवला होता, सासूची माया ठेवली होती, आणि मग गार पाणी चमच्याने घालत पीठ गोळा केलं होतं.

"खरंय," ती म्हणाली. "आले नसते मी."

"हं," दादा म्हणाला.

वळणावर बस दिसली. दादा उठला, तिला उठायला हात दिला. तो हात त्याने लगेच सोडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला दिसलं की तोही म्हातारा झालाय, आणि बायको गेल्यापासून नीट जेवत नाहीये.

"आता कळलंय सगळ्यांना," तो म्हणाला. "पोरगी रागावलीय. तिचा राग काही लगेच जायचा नाही." बस थांबली, दार उघडलं. "पुढच्या वर्षी येशील ना?"

"येईन," ती म्हणाली. "तिने बोलावलं नाही तरी येईन."